मेटल वाजवायला हाय-गेन प्रीॲम्प पेडल घेताय? आधी ते कुठे जोडणार हे ठरवा

यूट्यूबवर पेडलचा डेमो बघायचा, हेडफोनमध्ये तो भिंतीसारखा अंगावर येणारा आवाज ऐकायचा आणि दुसऱ्या दिवसापासून पैसे साठवायला लागायचं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी केलंय. मीही केलं. पाच महिने पैसे साठवून एक सेकंड-हँड हाय-गेन पेडल घेतलं, घरच्या छोट्या प्रॅक्टिस ॲम्पला लावलं, जाड तारेवर पहिला पाम-म्यूट मारला आणि पत्र्याच्या डब्यात अडकलेल्या माशीसारखा आवाज आला. पेडलचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण चूक त्याची नव्हतीच. दोन आठवडे नॉब फिरवून फिरवून कंटाळलो आणि शेवटी ते विकायला काढलं. घेणाऱ्याने त्याच्या बँडच्या प्रॅक्टिस रूमवर बोलावलं. तिथे त्याने केबल ॲम्पच्या पुढच्या सॉकेटमध्ये न घालता मागच्या बाजूला ‘रिटर्न’ असं लिहिलेल्या सॉकेटमध्ये घातली. तेच पेडल, माझीच गिटार. आवाज ऐकला आणि विकायचा विचार तिथेच रद्द केला. बिचाऱ्याला उगाच बोलावल्यासारखं झालं.

म्हणून या लेखात ‘टॉप १० मेटल पेडल्स’ अशी यादी नाहीये. पेडल म्हणजे गिटारच्या आवाजाचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा भाग तुमच्याकडे काय आहे, त्यावर कोणतं पेडल घ्यायचं हे ठरतं. (आणि हो, या लेखात ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर. फोनमधलं ॲप वेगळं, त्याच्याबद्दल शेवटी बोलू.)

डिस्टॉर्शन पेडल आणि प्रीॲम्प पेडल, फरक काय?

कुठल्याही गिटार ॲम्पचे तीन भाग धरा. पहिला प्रीॲम्प. गिटारच्या पिकअपमधून येणारा कमकुवत सिग्नल तो मोठा करतो आणि बेस-मिडल-ट्रेबलचे नॉब इथेच असतात. दुसरा पॉवर ॲम्प, जो स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. तिसरा स्वतः स्पीकर, त्याच्या लाकडी खोक्यासकट. मेटलचा आवाज मुख्यतः पहिल्या भागात तयार होतो आणि तिसऱ्या भागात त्याला आकार येतो.

साधं डिस्टॉर्शन पेडल बनवताना गृहीत धरलेलं असतं की त्याच्यापुढे आख्खा ॲम्प आहे, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा प्रीॲम्प, त्याचे टोनचे नॉब, सगळं काही. त्यामुळे ते ॲम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये जातं. प्रीॲम्प पेडल मात्र म्हणतं, ‘तुझ्या ॲम्पचा पहिला भाग मला नकोच, ते काम मीच करतो.’ त्यात गेनचे एकामागून एक टप्पे असतात, तीन बँडचा इक्वलायझर असतो आणि आऊटपुटला पॉवर ॲम्प चालवता येईल इतकी पातळी असते. त्याची हक्काची जागा म्हणजे ॲम्पच्या मागचा इफेक्ट्स रिटर्न, किंवा स्वतंत्र पॉवर ॲम्प, किंवा ऑडिओ इंटरफेस.

मी नेमका हाच घोळ केला होता. प्रीॲम्पच्या पुढे दुसरा प्रीॲम्प. एकाने रंगवलेल्या भिंतीवर दुसऱ्याने परत रंग मारावा तसं. पेडलने ट्रेबल वाढवून दिला, ॲम्पने तो आणखी वाढवला, आणि छोट्या स्पीकरने हात टेकले.

बाजारात ही विभागणी इतकी स्वच्छ नाहीये. खोक्यावर ‘डिस्टॉर्शन’ लिहिलेली काही पेडल्स प्रीॲम्प म्हणून झकास चालतात आणि ‘प्रीॲम्प’ लिहिलेली काही पुढच्या इनपुटमध्येही बरी वाजतात. पण घेताना प्रश्न हाच विचारायचा की हे पेडल कुठे जोडायला बनवलंय.

तुमच्याकडे काय आहे?

आता मुद्द्याची गोष्ट. पेडल बघण्याआधी स्वतःचा ॲम्प उलटा करून मागची बाजू बघा. ‘एफएक्स लूप’ किंवा ‘सेंड-रिटर्न’ असं लिहिलेली सॉकेटची जोडी आहे का? असेल तर प्रीॲम्प पेडल घ्यायला मोकळे आहात. गिटार पेडलच्या इनपुटमध्ये, पेडलचं आऊटपुट रिटर्नमध्ये. सेंड रिकामं ठेवायचं. बऱ्याच ॲम्पमध्ये असं केल्यावर पुढचे गेन आणि टोनचे नॉब काहीच करत नाहीत, आणि कधीकधी ॲम्पचा मास्टर व्हॉल्यूमही बाजूला पडतो. म्हणून पेडलचा लेव्हल शून्यावर ठेवून मगच ॲम्प चालू करा. हे मी शेजाऱ्यांच्या झोपेची किंमत देऊन शिकलोय.

दहा-पंधरा वॅटच्या घरगुती ॲम्पमध्ये ही जोडी बहुतेक वेळा नसते. मग पुढचा इनपुट हाच मार्ग. अशा वेळी ॲम्प क्लीन चॅनलवर ठेवायचा, त्याचा गेन कमी, ट्रेबल थोडा खाली, आणि पेडलमधला ट्रेबल घड्याळात दहा वाजतात तिथपर्यंतच. आवाज बराच सुधारतो. पण खरं सांगायचं तर या परिस्थितीत महागडं प्रीॲम्प पेडल घेण्यात अर्थ नाही. त्यातल्या निम्म्या गोष्टी तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत.

तिसरी परिस्थिती आता सगळ्यात जास्त दिसते. ॲम्पच नाही, सरळ हेडफोन किंवा ऑडिओ इंटरफेस. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

गिटारचा बारा इंची स्पीकर घरातल्या म्युझिक सिस्टीमच्या स्पीकरसारखा नसतो. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपकन कमी होतो. ऐकायला दोष वाटेल, पण मेटलच्या आवाजाचं अर्धं गुपित यातच आहे. सिग्नल जोरात ‘क्लिप’ होतो, म्हणजे लहरीचे शेंडे छाटले जातात, तेव्हा मूळ स्वराच्या वर कितीतरी हार्मोनिक्स तयार होतात, अगदी १०-१५ किलोहर्ट्झपर्यंत. स्पीकर ती वरची खरखर गाळून टाकतो. तुमचे इअरफोन गाळत नाहीत. म्हणून पेडल थेट इंटरफेसला लावलं की मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं वाटतं, आणि आपण शिव्या पेडलला देतो.

यावर उपाय म्हणजे कॅबिनेट सिम्युलेशन. आजकाल ते बहुधा ‘आयआर’ने केलं जातं, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स. एखादा खरा स्पीकर, त्याचं खोकं आणि समोर ठेवलेला माइक मिळून आवाजाचं काय करतात, त्याचा ठसा असलेली ही एक छोटीशी वेव्ह फाईल. मेटलसाठी सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० या स्पीकरचे आयआर सगळ्यात जास्त वापरले जातात आणि फुकटही भरपूर मिळतात. ॲम्पशिवाय वाजवणार असाल तर पेडलमध्येच कॅब-सिम आऊटपुट आहे का ते बघा. नसेल तर आयआर लोड करणारं वेगळं पेडल किंवा सॉफ्टवेअर लागेल, आणि तो खर्च आत्ताच बजेटमध्ये धरा.

एक धोक्याची सूचना. ॲम्पच्या मागे ‘स्पीकर आऊट’ असंही सॉकेट असतं आणि दिसायला ते अगदी तसंच असतं. ते पेडलला किंवा इंटरफेसला कधीही जोडू नका, आतले पार्ट जळू शकतात. आणि ट्यूब ॲम्प असेल तर स्पीकर काढून तो चालू करायचा नाही, ॲम्पचं नुकसान होतं.

गेन जास्त म्हणजे मेटल जास्त, असं नाही

गिटारची सहावी तार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सुमारे ८२ हर्ट्झला वाजते. ड्रॉप-सी केलं तर ६५ हर्ट्झच्या आसपास. इतका खोल बेस जसाच्या तसा क्लिपिंगमध्ये गेला की चिखल होतो आणि जलद रिफमधले स्ट्रोक एकमेकांत मिसळतात. चांगल्या हाय-गेन सर्किटमध्ये म्हणून क्लिपिंगच्या आधी बेस कापतात आणि नंतर परत वाढवतात. काही पेडल्सवर याच कामासाठी ‘टाइट’ नावाचा नॉब किंवा स्विच असतो. माझ्या मते मेटल पेडलवरची सगळ्यात कामाची गोष्ट तीच, गेनचा नॉब नाही.

हीच युक्ती जुन्या पद्धतीनेही होते. आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर हे हिरवं पेडल ब्लूजवाल्यांचं म्हणून प्रसिद्ध आहे, पण कितीतरी मेटल गिटारिस्ट ते हाय-गेन ॲम्पच्या पुढे लावतात, ड्राइव्ह जवळजवळ शून्य आणि लेव्हल वर ठेवून. त्याच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला गेन कमी मिळतो, त्यामुळे रिफ एकदम घट्ट होतो. प्रीॲम्प पेडलच्या पुढेही ते असंच चालतं.

आणि डेमोतला तो भिंतीसारखा आवाज? रेकॉर्डिंगमध्ये एकच रिफ बहुतेक वेळा दोनदा वाजवतात, एक डाव्या कानाला, एक उजव्या. खाली बेस गिटार असते. प्रत्येक गिटारचा गेन आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमी असतो. आपल्या मुंबईच्या भयानक मौत किंवा डेमॉनिक रिझरेक्शनचं एखादं गाणं हेडफोनवर लावा आणि गिटार कुठे संपते, बेस कुठे सुरू होतो ते शोधायचा प्रयत्न करा. पाच मिनिटांत लक्षात येतं की आपण ज्याला ‘गिटारचा वजनदार आवाज’ म्हणतो त्यातलं बरंचसं वजन बेसवाल्याचं आहे. डेमो ऐकायचे तर फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकूच नका. त्या इवल्याशा स्पीकरमधून ८२ हर्ट्झ बाहेरच पडत नाही.

एक उदाहरण: मेटल झोन

बॉसचं मेटल झोन, म्हणजे एमटी-२, १९९१ साली आलं. यापेक्षा जास्त थट्टा झालेलं पेडल दुसरं सापडणार नाही. इंटरनेटवर त्याच्यावर मीम्सचा ढीग आहे. तरी ते आजही बनतंय आणि सेकंड-हँड बाजारातही सहज सापडतं, म्हणून त्याच्यावरच बोलू.

थट्टेचं कारण त्याच्या ताकदीतच दडलंय. त्याच्यात मिडलसाठी दोन नॉब आहेत. एक फ्रिक्वेन्सी निवडतो, २०० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत, आणि दुसरा निवडलेली फ्रिक्वेन्सी १५ डेसिबलपर्यंत वाढवतो किंवा कमी करतो. १५ डेसिबल म्हणजे किरकोळ नाही. सोळा वर्षांचा मुलगा पेडल घरी आणतो, डिस्टॉर्शन पूर्ण वर, बेस-ट्रेबल वर आणि मिडल शून्य करतो. खोलीत एकटा हळू आवाजात वाजवतो तेव्हा ते भारी वाटतं, कारण कमी आवाजात आपल्या कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात आणि ते वाढवलेले गोड लागतात. मग तोच मुलगा बँडमध्ये जातो. बेस गिटारने खालची जागा घेतलेली, झांजांनी वरची. गिटारची खरी जागा मधली, तीच याने कापून टाकलेली. हात चालताना दिसतात, आवाज मात्र नाही.

मेटल झोन रिटर्नमध्ये लावा, डिस्टॉर्शन निम्म्याच्या खाली ठेवा, मिड-फ्रिक्वेन्सी ७००-८०० हर्ट्झच्या आसपास नेऊन मिडल मध्यापेक्षा किंचित वर करा. मीम्स बनवणाऱ्यांनी हे करून बघितलंय की नाही कोण जाणे. फ्रिक्वेन्सीचा नॉब कानाने सेट करायची युक्ती अशी: मिडल पूर्ण वर करा, फ्रिक्वेन्सी हळूहळू फिरवा, जिथे आवाज सगळ्यात जास्त टोचतो तिथे थांबा आणि मग मिडल त्या जागी थोडा कमी करा. ही पद्धत कुठल्याही पॅरामेट्रिक इक्वलायझरला चालते.

याचा मोठा भाऊ म्हणजे बॉसचंच एचएम-२ हेवी मेटल. १९८३ ला आलं, १९९१ ला बंद झालं. पण स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत एन्टूम्ड या बँडने त्याचे सगळे नॉब पूर्ण वर करून १९९० मध्ये ‘लेफ्ट हँड पाथ’ हा अल्बम केला आणि करवतीसारखा तो आवाज स्वीडिश डेथ मेटलची ओळखच बनला. जुन्या पेडल्सचे भाव इतके चढले की बॉसने २०२१ मध्ये ते एचएम-२डब्ल्यू नावाने परत काढलं. मात्र हे एकाच चवीचं पेडल आहे. तुम्हाला तोच आवाज हवा असेल तर घ्या, पहिलं आणि एकमेव पेडल म्हणून नको.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. सध्याची बरीच पेडल्स एखाद्या प्रसिद्ध ॲम्पचा चॅनल छोट्या खोक्यात आणतात. रेव्हचं जी३ त्यांच्याच जनरेटर १२० ॲम्पच्या जांभळ्या चॅनलवर आधारलेलं आहे, फ्रीडमनचं बीई-ओडी त्यांच्या बीई-१०० वर. रशियाच्या एएमटीची लेजंड ॲम्प्स मालिका ट्यूबऐवजी जेफेट ट्रान्झिस्टर वापरून वेगवेगळ्या ॲम्पचा स्वभाव पकडते. टू नोट्सच्या ल लीडमध्ये खरी ट्यूब आहे आणि कॅब-सिमही, म्हणजे ॲम्प नसणाऱ्यांना सोयीचं. एमटी-२ चं सर्किट समोर ठेवून बनवलेलं बेहरिंगरचं अल्ट्रा मेटल प्लॅस्टिकच्या खोक्यात येतं, स्वस्त आहे आणि शिकायला पुरतं. ॲम्पट्वीकरच्या टाइट मेटलची गोष्ट मला आवडते. ते बनवणारे जेम्स ब्राऊन (गायक नव्हे, इंजिनियर) हे पीव्हीमध्ये असताना मेटलवाल्यांच्या लाडक्या ५१५० ॲम्पच्या डिझाइनमध्ये होते.

गुणगुण, गेट आणि ॲडॉप्टर

हाय-गेन पेडल गिटार मोठी करतं तसा कचराही मोठा करतं. आपल्याकडे घरातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण सिंगल-कॉइल पिकअपमधून सरळ आत येते. हमबकर पिकअप असेल तर ती बरीच कमी होते. गिटारमध्ये सिंगल-कॉइलच असतील तर हाय-गेन पेडलच्या आधी ब्रिजला हमबकर बसवण्याचा विचार करा. नॉईज गेट पेडलमध्येच असेल तर उत्तम, एमएक्सआरच्या ईव्हीएच ५१५० मध्ये तसा नॉब आहे. पण गेट वाजवणं थांबलं की शांतता करतो. वाजवत असतानाची खरखर तो कमी करत नाही, ती गेन कमी करूनच जाते.

ॲडॉप्टरवर लोक शेवटचे शंभर रुपये वाचवतात आणि तिथेच मार खातात. बहुतेक गिटार पेडल्सना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनचा मधला भाग निगेटिव्ह असतो. बाजारात मिळणारे राउटरचे किंवा खेळण्यांचे बरेच ॲडॉप्टर नेमके उलटे, मध्ये पॉझिटिव्ह असतात. पिन बसली म्हणजे जुळलं असं नाही. व्होल्टेज, पोलॅरिटी आणि मिलीॲम्पियर हे तिन्ही पेडलवर छापलेल्या आकड्यांशी ताडून बघा. ॲडॉप्टरचे मिलीॲम्पियर जास्त असले तर चालतं, व्होल्टेज जास्त चालत नाही. ट्यूब असलेल्या काही पेडल्सना १२ व्होल्ट लागतात आणि करंटही बराच. पॉवर बँकेवरून ९ व्होल्ट देणाऱ्या केबल मिळतात, मी वापरल्यात. साध्या पेडलला चालतात, हाय-गेनला बारीक किणकिण ऐकू येते.

दुकानात किंवा सेकंड-हँड घेताना

स्वतःची गिटार घेऊन जा, हे सगळ्यात महत्त्वाचं. दुकानातली महागडी गिटार आणि मोठ्ठा ॲम्प यांच्यावर काहीही छान वाजतं. मुंबईत धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांत किंवा तुमच्या गावातल्या दुकानात ‘माझ्याकडे अमुक वॅटचा ॲम्प आहे, तसल्यावर ऐकायचंय’ असं सरळ सांगा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

सगळे नॉब मध्यावर ठेवून सुरुवात करा. जाड तारेवर जलद पाम-म्यूट मारा आणि थांबा. आवाज तुमच्याबरोबर थांबतो की मागे शेपूट राहतं? मग सहाही तारांची कॉर्ड वाजवा, त्यात वेगवेगळे स्वर ऐकू येतात की नुसता गोळा? नंतर गिटारचा व्हॉल्यूम निम्मा करा. चांगलं पेडल साफ होतं, वाईट नुसतं बारीक होतं. या तीन गोष्टी दोन मिनिटांत होतात आणि तासभराच्या डेमोपेक्षा जास्त सांगतात.

सेकंड-हँड असेल तर प्रत्येक नॉब टोकापर्यंत फिरवून खरखर येते का बघा. केबल सॉकेटमध्ये हलवा, आवाज तुटता कामा नये. फूटस्विच वीसेक वेळा दाबा. बॅटरीची जागा उघडून आत हिरवट गंज नाही ना ते बघा, कारण वर्षानुवर्षं विसरलेली बॅटरी गळते. बॅटरीवर चालणारं पेडल असेल तर बॅटरीवरही वाजवून बघा. गुणगुण तेव्हा गेली तर दोष ॲडॉप्टरचा आहे, आणि भाव करायला तेवढा मुद्दा पुरतो. विकणारा ‘वाजवून दाखवायला आत्ता ॲम्प नाही’ म्हणाला तर दुसऱ्या दिवशी जा, पैसे आधी देऊ नका.

पेडल हवंच आहे का?

हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या साइटवर विचारायलाच हवा. घरातच हेडफोनवर वाजवणार असाल, ॲम्प नसेल आणि बँडही नसेल, तर त्याच पैशांत एक छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या आणि फोनवर किंवा लॅपटॉपवर ॲम्प-सिम्युलेटर ॲप चालवा. त्यात प्रीॲम्प, कॅबिनेट, गेट सगळं येतं. लॅपटॉप असेल तर न्यूरल ॲम्प मॉडेलर हा ओपन-सोर्स प्रोग्रॅम बघाच. खऱ्या ॲम्पचे आणि पेडल्सचे लोकांनी केलेले मॉडेल त्यात फुकट लोड करता येतात. अडचण एकच, लेटन्सी. तार छेडल्यापासून आवाज येईपर्यंत दहा-बारा मिलिसेकंदांहून जास्त वेळ गेला तर जलद रिफ वाजवताना हात अडखळतो. आयफोन-आयपॅडवर हा त्रास साधारण कमी असतो. अँड्रॉइडवर फोनप्रमाणे बदलतो, म्हणून आधी मित्राकडून इंटरफेस आणून स्वतःच्या फोनवर तपासा. ब्लूटूथ इअरफोन तर यासाठी विसराच, त्यांचा उशीर याच्या कितीतरी पट असतो.

बँड असेल, कॉलेजच्या फेस्टला मिळेल त्या ॲम्पवर वाजवायचं असेल, तर मात्र पेडल. स्टेजवर कोणता ॲम्प असेल हे तुमच्या हातात नसतं, त्याचा रिटर्न शोधणं असतं. मी अजूनही तेच पेडल घेऊन जातो, सोबत एक जास्तीची केबल आणि एक छोटी टॉर्च, कारण अंधारात ॲम्पच्या मागे ‘रिटर्न’ कुठलं आणि ‘स्पीकर आऊट’ कुठलं हे वाचता आलं पाहिजे.